ठाण्याच्या तलावपाळीवर (मासुंदा तलावाच्या काठी) रात्री काढलेले लाँग एक्स्पोजरचे, म्हणजे शटर काही सेकंद उघडं ठेवून काढलेले फोटो हलतात किंवा पांढरेफटक येतात. नवशिक्याचं काय चुकत असेल?

बहुतेक वेळा आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) ऑटोवर राहिलेला असतो, म्हणून फोटो पांढरा पडतो. मोड मॅन्युअल करा, आयएसओ १००, अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत येण्याचं छिद्र) एफ/८, शटर १० सेकंद. फोटो काळा आला तर शटर २० करा, उजळ आला तर ५. आयएसओला हात लावू नका.

हलण्याचं कारण बहुधा तुमचं बोट. बटण दाबताना कॅमेरा किंचित थरथरतो आणि मासुंदा तलावातल्या दिव्यांच्या सरळ रेघा वेड्यावाकड्या होतात. २ सेकंदांचा टायमर लावा. ट्रायपॉडवर लेन्सचं स्टॅबिलायझेशन (हात हलल्याचा परिणाम कमी करणारी सोय) बंद ठेवा. कठड्यावर कॅमेरा टेकवू नका, शेजारून बस गेली की तोही हादरतो.

फोकस मात्र शांतपणे करा. आधी फोकस मॅन्युअलवर टाका, लाइव्ह व्ह्यूमध्ये (कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर) लांबचा एक दिवा मोठा करून पाहा, लेन्सची रिंग फिरवत तो बारीक ठिपका होईपर्यंत थांबा. मी हे शिकलो तेव्हा फोटो एकदम बदलले.

आणि संध्याकाळी लवकर जा! सूर्यास्तानंतर वीसेक मिनिटांनी थोडा वेळ आभाळ गडद निळं असतं, तेव्हाचं पाणी रात्री दहाला मिळत नाही.