पृथ्वीवरील चक्रीवादळ आठवड्याभरात विरते. मग गुरू ग्रहाच्या वातावरणातला प्रचंड भोवरा, म्हणजे त्याच्यावरील लाल डाग, शतकानुशतके कसा टिकतो?

गुरूवरील लाल डाग टिकतो, कारण त्याची शक्ती शोषून घेणारी जमीन त्याच्याखाली नाही आणि भोवतालचे वारे व लहान भोवरे त्याला सतत ऊर्जा पुरवत राहतात. आपल्याकडील चक्रीवादळ हे उबदार समुद्राच्या बाष्पावर पोसलेले कमी दाबाचे आवर्त असते, त्यामुळे किनारा ओलांडताच बाष्पाचा पुरवठा तुटतो, घर्षण वाढते आणि ते मोडते. लाल डाग मात्र जास्त दाबाचा प्रत्यावर्त, म्हणजे आवर्ताच्या उलट दिशेने फिरणारा भोवरा, आहे (त्याला ‘चक्रीवादळ’ म्हणणे तसे चुकीचेच). त्याच्या उत्तरेकडील वारे पश्चिमेकडे आणि दक्षिणेकडील वारे पूर्वेकडे वाहतात, म्हणून दोन्ही प्रवाह त्याला एकाच दिशेने फिरवत ठेवतात. शिवाय दहा तासांहून कमी वेळात स्वतःभोवती फिरणाऱ्या या ग्रहावर असे मोठे भोवरे लहानांना गिळून टिकून राहतात, हे १९७९ मधील व्हॉयेजर यानांच्या छायाचित्रांतही दिसले. जुनो यानाच्या मोजमापांनुसार त्याची खोली काहीशे किलोमीटर आहे, म्हणजे रुंदीच्या मानाने तो उथळच आहे.

मात्र ‘शतकानुशतके’ हा शब्द जपून वापरावा. १६६५ मध्ये खगोलशास्त्रज्ञ कॅसिनीने पाहिलेला डाग हाच होता असे खात्रीने म्हणता येत नाही. सलग नोंदी एकोणिसाव्या शतकापासूनच्या आहेत, आणि तेव्हा सुमारे ४०,००० किलोमीटर असलेली त्याची रुंदी आता साधारण १६,००० किलोमीटरवर आली आहे.