सहाचं दूध, सहाची गोळी

"ताई, शतावरी सुरू केली आहे. आता थायरॉइडची गोळी सोडली तर चालेल ना?"

चाळिशी ओलांडलेल्या बायका हा प्रश्न मला सतत विचारतात. कधी शतावरीच्या जागी पाळीच्या तक्रारींवर घेतात ते अशोकारिष्ट असतं, कधी अश्वगंधा. गोळीही कधी थायरॉइडची असते, कधी पाळी नियमित करण्याची, कधी लोहाची. मी डॉक्टर नाही आणि वैद्यही नाही, घरच्या अडचणी घेऊन येणाऱ्यांशी बोलते, त्यामुळे अमुक घ्या, तमुक सोडा असं मी सांगत नाही. पण एवढ्या वर्षांत एक गोष्ट लक्षात आली आहे. हा प्रश्न विचारणारी बाई औषधाबद्दल जेवढं विचारत असते, तेवढंच घराबद्दलही विचारत असते. हे नीट कळलं ते इंदूरच्या सुदामानगरकडच्या एका वहिनींमुळे. ओळखीच्या खुणा बदलून सांगते.

वहिनी त्रेचाळीस वर्षांच्या. घरात नवरा, दहावीतली मुलगी आणि सत्तरी पार केलेल्या सासूबाई. त्या माझ्याकडे आल्या त्या पाळीसाठी नाही. जेवताना मुलीने "आई, तू हल्ली सारखी ओरडतेस" एवढं म्हटलं आणि वहिनींनी वाढलेलं ताट ओट्यावर आपटलं. नंतर स्वतःच तासभर रडत बसल्या. नवऱ्याने मला फोनवर सांगितलं, "मॅडम, तिचा स्वभावच बदललाय."

स्वभाव असा वर्षभरात बदलत नाही. म्हणून मी नेहमीसारखंच एक काम दिलं. एका कागदावर सकाळी डोळा उघडल्यापासून रात्री दिवा मालवेपर्यंत पोटात काय काय जातं ते वेळेसकट लिहायचं. पाणी, चहा, गोळी, काढा, उपासाची साबुदाण्याची खिचडी, सगळं.

पुढच्या खेपेला त्यांनी वहीतून फाडलेला कागद आणला. पहिलीच ओळ होती : "६.०० – आईंनी दिलेलं शतावरीचं दूध, त्याच्याबरोबर थायरॉइडची गोळी, लोहाची गोळी, कॅल्शियम."

"सगळं एकदम?"

"हो ना. एकदाच उरकून टाकते. नंतर डबे, पोहे, मुलीची क्लासची गडबड. आणि रिकाम्या पोटी गोळी घेतली की जळजळ होईल अशी भीती वाटते."

मग त्यांनी पर्समधून रिपोर्ट काढले. टीएसएच, म्हणजे थायरॉइड कमी पडलं की रक्तात वाढणारा आकडा, आधी १४ होतं. थायरॉइडची पन्नास मायक्रोग्रॅमची गोळी सुरू झाली, तीन महिन्यांनी ११. पंच्याहत्तरची केली, तर परत १२च्या वर. हिमोग्लोबिन ८.९. पाळी बावीस-तेवीस दिवसांनी यायची आणि आठ-आठ दिवस अंगावरून जायचं, गाठी पडायच्या. पुढच्या वेळी डॉक्टर शंभरची गोळी देतील म्हणून त्या धास्तावल्या होत्या. "डोस वाढतच चाललाय ताई. म्हणजे ही गोळी मला लागूच पडत नाहीये. त्यापेक्षा झाडपाल्याचं बरं, निदान अपाय तरी नाही."

इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण हे घरोघरी होतं. थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची असते आणि त्यानंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा नको. दुधातलं कॅल्शियम ती गोळी आतड्यात नीट शोषू देत नाही. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी तर आणखी अडवतात, म्हणून त्यांच्यात आणि थायरॉइडच्या गोळीत चार तासांचं अंतर ठेवायला सांगतात. वहिनी रोज नेमाने गोळी घेत होत्या, पण तिचा बराचसा भाग वायाच जात असणार. थायरॉइड कमी पडलं की पाळीत रक्त जास्त जाऊ शकतं. जास्त गेलं की रक्त कमी होतं. रक्त कमी झालं की दम लागतो, झोप पुरत नाही आणि आधीच थकलेल्या डोक्यावर चिडचिड स्वार होते. ताट आपटण्याचं मूळ इतक्या लांब, पहाटेच्या पेल्यात असू शकतं.

"डॉक्टरांना शतावरीचं सांगितलंत?"

"छे! रागावतील."

"आणि सासूबाईंना गोळीचं?"

वहिनी पदराशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्यांना वाटतं मी गोळी बंद केली. त्यांच्यासमोर दूध घेते आणि गोळ्या मुठीत लपवून तोंडात टाकते."

डॉक्टरांपासून शतावरी लपवायची आणि सासूपासून गोळी, अशी पहाटेची कसरत. दोन्हीकडे मन राखायचं म्हणून ही बाई दोन्हीकडून एकटी पडली होती. मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं ते याचं.

त्यांना विचारून मी काकूंना, म्हणजे सासूबाईंना, बोलावलं. काकू नऊवारीत आल्या, बरोबर स्टीलच्या डब्यात शतावरीचं चूर्ण. सियागंजच्या बाजारातून मुळ्या आणून त्यांनी स्वतः उन्हात वाळवून, कुटून, वस्त्रगाळ केलेलं. "बाजारचं कल्प मी देत नाही," त्या म्हणाल्या, "त्यात निम्मी साखर." यात त्यांचं बरोबरच होतं. दाणेदार शतावरी कल्पात साखरेचा वाटा मोठा असतो आणि मधुमेह असलेल्या कितीतरी बायका ते टॉनिक समजून दोन-दोन चमचे घेत राहतात.

मी काकूंना गोळीचं काही सांगितलं नाही. ते वहिनींनीच सांगायचं असं आमचं ठरलं होतं. मी फक्त विचारलं, "काकू, सूनबाईंना शतावरी द्यावी असं का वाटलं?"

काकू बराच वेळ बोलल्या. वहिनींच्या बाळंतपणात दूध येईना, तेव्हा शतावरी दिली होती, अळिवाची खीर दिली होती, डिंकाचे लाडू केले होते. मग आवाज एकदम खाली गेला. "मला अडतिसाव्या वर्षी असंच जायचं, हिच्यासारखंच. तेव्हा सरळ पिशवी काढून टाकली. कुणी विचारलं नाही, दुसरा उपाय सांगितला नाही. हिलाही टेबलावर घेतील म्हणून मी पहाटे उठते."

वहिनींना हे वीस वर्षांत ठाऊक नव्हतं. त्यांनी सासूच्या हातातला डबा काढून टेबलावर ठेवला आणि तो हात तसाच धरून म्हणाल्या, "आई, मी गोळी बंद केलेली नाही. तुमच्यापासून लपवून घेते." काकू रागावल्या नाहीत. "अगं, मग दुधात का घेतेस? सांगितलं असतंस तर दूध संध्याकाळी दिलं असतं," एवढंच म्हणाल्या.

आता शतावरीबद्दल. तिच्यावर माझा राग नाही, उलट मायाच आहे. काटेरी वेल, जमिनीखाली मुळ्यांचा झुबका, त्यावरूनच नाव पडलं. आयुर्वेदात तिला रसायन, म्हणजे ताकद टिकवणारं औषध, मानलं आहे आणि बाळंतिणीचं दूध वाढवणारी म्हणून तिची ख्याती जुनी आहे. काश्यपसंहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात तर शतपुष्पा (शेपू) आणि शतावरी या दोघींवर मिळून एक अख्खा अध्याय आहे. आजच्या प्रयोगशाळांनी तिच्या मुळांतली शतावरीन नावाची सॅपोनिन (पाण्यात फेस आणणारी) द्रव्यं वेगळी काढली आहेत. पण माणसांवरचे अभ्यास थोडे आणि लहान आहेत. पाळीच्या वयाच्या शेवटी होणाऱ्या तक्रारींवर ती हमखास उतारा आहे असं त्यावरून म्हणता येत नाही. थायरॉइड ग्रंथीतून कमी पडणारं संप्रेरक ती भरून काढत नाही, हे मात्र नक्की. ते संप्रेरक गोळीतूनच येतं. जिला हॉर्मोनवर वाढणारा स्तनाचा कर्करोग होऊन गेला आहे, तिने तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय शतावरी घेऊच नये.

आणि "झाडपाल्याचं आहे, अपाय नाही" हे वाक्य मला फार भीतीचं वाटतं. अश्वगंधेने थायरॉइडचं संप्रेरक वाढल्याची आणि क्वचित यकृताला इजा झाल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत. अशोकारिष्ट आंबवून करतात, त्यात आपोआप तयार झालेलं पाच ते दहा टक्के मद्य असतं. आमच्या भागात दुसऱ्याच एका बाईंनी कॉलनीच्या कुंपणालगतच्या उंच, सरळसोट अशोकाची साल सोलून काढा केला आणि महिनाभर घेतला. ते झाड औषधातलं नव्हेच. औषधातला तो सीताअशोक, नारिंगी-लाल फुलांच्या गुच्छांचा. रस्त्याकडेला शोभेसाठी लावतात त्या झाडाला हिरवट फुलं येतात, आणि त्याची साल खऱ्या सालीत भेसळ म्हणूनही विकली जाते. झाडच चुकलं तर गुणाची चर्चा कशाची करायची?

जाहिरातींचंही सांगून टाकते. पाळीच्या तक्रारी दुरुस्त करण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करायला आपल्याकडे १९५४च्या कायद्याने बंदी आहे. तरी मोबाईलवर रोज दिसतात. ज्या बाटलीवर "पाळीचे सगळे विकार बरे" असं लिहिलंय, ती बाटली त्या एका ओळीमुळेच दुकानात ठेवून यावी.

वहिनींना मी एकच आग्रह केला. तो कागद, काकूंच्या शतावरीसकट, जसाच्या तसा डॉक्टरांपुढे ठेवायचा. शिवाय सोनोग्राफीचं स्वतःहून विचारायचं. आठ दिवसांच्या वर जाणं, तासातासाला पॅड बदलावं लागणं, मोठ्या गाठी, दोन पाळ्यांच्या मधे डाग दिसणं, यातलं काहीही असेल तर आधी कारण शोधायचं आणि मग उपाय, मग तो वैद्याचा असो की डॉक्टरांचा. पाळी बंद होऊन वर्ष झाल्यावर एक थेंब जरी दिसला, तरी त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जायचं. हे मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगते, ती कुठल्याही कामाला आलेली असली तरी. काढा घेऊन ते दाबून ठेवलेल्या बायका मी पाहिल्या आहेत.

डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि शंभरची गोळी न लिहिता पंच्याहत्तरचीच ठेवली, फक्त नीट घ्यायला सांगितली. सोनोग्राफीत एक लहान फायब्रॉइड, म्हणजे गर्भाशयातली साधी गाठ, निघाला, ऑपरेशनची गरज नाही, सहा महिन्यांनी पुन्हा बघू म्हणाल्या. लोहाची गोळी दुपारच्या जेवणाआधी लिंबाच्या पाण्याबरोबर, चहापासून लांब. कॅल्शियम रात्रीच्या जेवणानंतर. शतावरी घ्यायची असेल तर वैद्यांना हेच रिपोर्ट दाखवून, आणि संध्याकाळी.

थायरॉइडच्या गोळीची वेळ बसायला मात्र आठवडा गेला. नळाला नर्मदेचं पाणी एक दिवसाआड पहाटे यायचं. त्या दिवशी वहिनी साडेपाचला उठायच्या, दुसऱ्या दिवशी साडेसहाला. मुलीने मार्ग काढला. गोळीची बाटली आणि पाण्याचा तांब्या तिने आईच्या उशाशी ठेवला आणि आपल्या अभ्यासाचा गजर साडेपाचचा लावला. ताट आपटल्यापासून मायलेकींत जे अवघडलेपण होतं ते या गजराने थोडं सैल झालं. मी त्यात काहीच केलं नाही.

आठ आठवड्यांनी टीएसएच ४.८ आलं. हिमोग्लोबिन दहाच्या वर. पाळी अजून जास्तच आहे, पण सहा दिवसांत थांबते. चिडचिड गेली का? "कमी झाली," वहिनी म्हणाल्या, "झाली तरी आता कळतं की होतेय." संध्याकाळचं शतावरीचं दूध चालू आहे. त्याने झोप लागते असं त्या म्हणतात. झोप शतावरीने लागते, की पाच वाजता दोघी सासवा-सुना अर्धा तास बाल्कनीत बसतात त्याने, हे मला वेगळं करून सांगता येणार नाही आणि सांगायची घाईही नाही.

शेवटच्या भेटीला काकू बरोबर आल्या. उठता उठता त्यांनी पिशवीतून घडी घातलेला एक कागद काढला. थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं, सकाळपासून रात्रीपर्यंतचं. खाली एक ओळ : पाठ फार दुखते, उंची कमी झाल्यासारखी वाटते.

"काकू, पिशवी काढली तेव्हा अंडाशयंही काढली होती का?"

"ते कुणी सांगितलंच नाही ग. कागदही दिले नाहीत."

चाळिशीच्या आत अंडाशयं गेली तर हाडांची झीज लवकर सुरू होते. हाडांच्या तपासणीचं कुठे आणि कसं विचारायचं ते मी त्या कागदाच्या मागे लिहून दिलं. वहिनींनी तो घेतला, आपल्या रिपोर्टच्या फाइलमध्ये पुढच्याच खणात ठेवला आणि म्हणाल्या, "आई, सोमवारी माझ्याबरोबर चला."