वडिलांना कायमचं डायलिसिस सांगितलंय. फिस्टुला करावा की गळ्यातली नळीच ठेवावी?

मी डायलिसिस टेक्निशियन आहे, रोज सुया लावण्याचंच काम. वडिलांच्या हाताच्या शिरा बऱ्या असतील आणि हृदय साथ देत असेल, तर फिस्टुलाच करून घ्या, तोही लवकर.

मशीनला मिनिटाला साधारण ३०० मिली रक्त लागतं. साधी शीर तेवढं देत नाही. म्हणून सर्जन हातातली धमनी शिरेला जोडतात, यालाच फिस्टुला म्हणतात. धमनीचा जोर आला की शीर फुगते, जाड होते आणि पुन्हापुन्हा सुया सोसते. न्यूयॉर्कमधल्या ब्रेशिया, सिमिनो आणि सहकाऱ्यांनी १९६६ साली मनगटाजवळच्या या फिस्टुलाची माहिती प्रसिद्ध केली. आजही सुरुवात शक्यतो तिथूनच होते. तिथली शीर बारीक असेल तर कोपराजवळ करतात. आधी डॉप्लर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करून घ्या, शिरांचा अंदाज येतो.

फिस्टुला तयार व्हायला सहा ते आठ आठवडे लागतात, कधी जास्तही. तोवर मानेतल्या मोठ्या शिरेत घातलेल्या नळीवर भागवावं लागतं. नळी सोयीची वाटते, सुईचं दुखणं नाही, म्हणून बरेच जण तिच्यावरच राहतात. मला याची फार काळजी वाटते. जंतुसंसर्ग झाला तर तो थेट रक्तात जातो. डायलिसिस सुरू असताना पेशंट थंडीने कुडकुडायला लागतो. शिवाय नळी फार दिवस राहिली तर छातीतल्या मोठ्या शिरा अरुंद होतात आणि त्या बाजूचा पुढचा फिस्टुलाही अडचणीत येतो.

शिराच नसतील तर कृत्रिम नळीचा ग्राफ्ट घालतात. तो दोन-तीन आठवड्यांत वापरता येतो, पण त्यात गुठळी लवकर होते. वय फार असेल, हृदयाचं पंपिंग कमी असेल, तर कातडीखालून नेलेली परमकॅथ (जास्त दिवस ठेवायची डायलिसिसची नळी) ठेवणंही योग्यच. फिस्टुलाने हृदयावरचा भार वाढतो. हा निर्णय नेफ्रॉलॉजिस्टचा (किडनीच्या डॉक्टरांचा).

ज्या हातावर फिस्टुला होणार (बहुधा डावा), त्यावर आजपासूनच सलाइन लावू देऊ नका, रक्तही काढू देऊ नका. ऑपरेशननंतर त्या हातावर बीपी मोजायचं नाही, घड्याळ किंवा घट्ट बाही नको, त्यावर झोपायचं नाही. रोज सकाळी जोडावर बोटं ठेवून बघायला वडिलांना शिकवा: बारीक थरथर लागली पाहिजे. लागली नाही तर पुढच्या डायलिसिसची वाट न बघता त्याच दिवशी सर्जनकडे न्या. गुठळी लवकर कळली तर फिस्टुला वाचू शकतो. बोटं गार, निळसर पडली किंवा दुखायला लागली तरी तसंच.