प्रश्नावलीबाहेरचं सापडलं, आता काय करू?

प्रश्न: मी एम.ए. समाजशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रबंधासाठी एका गावात बचत गटांच्या कर्जांवर मुलाखती घेते आहे. पण बायका फिरून फिरून मुलांच्या न जमणाऱ्या लग्नांवर येतात. योगायोगानं हाती आलेलं संशोधनात चालतं का? आणि या कामाला पुढे नोकरी आहे का?

उत्तर: चालतं, पण लगेच विषय बदलू नकोस.

रॉबर्ट मर्टन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं 1940 च्या दशकात एका कामगार वसाहतीचा अभ्यास केला. लहान मुलांचे आईबाप तिथं संस्था-मंडळांत बरेच सक्रिय होते. कारण विचारलं तर सांगत, इथं मुलं सांभाळायला वयात आलेली पोरं-पोरी पुष्कळ मिळतात. आकडे पाहिले तर उलटंच! आधीच्या वस्त्यांपेक्षा इथं त्या वयाची मुलं कमी होती. एखाद्यानं ‘लोक काहीही सांगतात’ म्हणून पान उलटलं असतं. मर्टन अडून बसला. मग उलगडलं, की वसाहतीत सगळे एकमेकांना ओळखत, म्हणून ज्यांच्या हाती मूल सोपवावं अशी मुलं जास्त वाटत. कर्जाचा हिशेब आणि लग्नाची काळजी यांच्यात असाच धागा असेल किंवा नसेलही. तो तुलाच शोधायचा आहे.

त्यासाठी आधी लिहून काढ, की तुला काय ऐकू येईल असं वाटलं होतं. ते कागदावर नसेल तर अनपेक्षित काय, हे तुलाही सांगता येणार नाही. मग त्याच बायकांकडे परत जा. कर्ज कशाला घेतलं, फेडतंय कोण, घरात लग्नाचा मुलगा आहे का, हे विचार. लग्नाचा विषय न काढणाऱ्या बायका मुद्दाम गाठ. तुझा अंदाज चुकत असेल तर तिथंच कळेल. टिपणं त्याच रात्री पूर्ण कर, रेकॉर्डिंग असलं तरी.

गाईडकडे रिकाम्या हातानं जाऊ नकोस. तीन मुलाखतींतले उतारे आणि बदललेला प्रश्न, एवढं दोन पानांत ने. प्रबंधात विषय कसा वळला तेही उघड लिही. परीक्षकाला खटकते ती लपवाछपवी.

नोकरीचं म्हणशील, तर प्राध्यापकीसाठी साधारणपणे नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा द्यावी लागते, आणि जागा कमी आहेत. स्वयंसेवी संस्थांचं प्रकल्प-मूल्यमापन, आरोग्यविषयक संशोधन, कंपन्यांमधलं ग्राहक-संशोधन इथं मुलाखती घेणारी माणसं लागतात. तिथं अर्ज करताना हीच दोन पानं, गावाचं आणि बायकांचं नाव काढून, नमुना म्हणून जोड.