नंबर हलले की सगळंच हलतं

प्रश्न: सर, मी मिरजेत एमडी करतेय. जर्नलने पेपर परत पाठवला, कारण काय तर रेफरन्सेस व्हँकुव्हर स्टाइलमध्ये, म्हणजे मेडिकल जर्नल्सच्या नंबरवाल्या पद्धतीत, नाहीत. सगळे हाताने टाइप केलेत. आता मधे एक पॅरा घातला तर पुढचे सगळे नंबर बदलायचे का?

उत्तर: बदलायचे की! व्हँकुव्हरमध्ये आडनावाच्या क्रमाने नंबर लागत नाहीत, मजकुरात जो आधी आला तो १, आणि तोच पुढे डिस्कशनमध्ये परत आला तरी १च, त्यामुळे मधे एक घुसला की खालचे सगळे सरकतात आणि हाताने करत बसलात तर रात्र जाईल. झोटेरो हे रेफरन्सेस सांभाळणारं सॉफ्टवेअर टाका, फुकट आहे. वर्डमध्ये त्याचा टॅब येतो, पॅरा हलवून रिफ्रेश केलं की नंबर आपले आपण लागतात. टेबलातले रेफरन्सेस मात्र नीट बघा, त्यांचा नंबर ते टेबल मजकुरात पहिल्यांदा जिथं येतं तिथल्या क्रमाने लागतो, आणि इथंच बहुतेकांची गाडी अडते.

बाकी किरकोळ. आडनाव आधी, मग इनिशियल्स, टिंबं नाहीत. सहापेक्षा जास्त लेखक असले तर पहिले सहा लिहून एट अल (म्हणजे 'आणि इतर'), पण एएमए (अमेरिकन मेडिकल असोसिएशन) स्टाइलवाली जर्नल्स तीनच मागतात, म्हणून आधी त्या जर्नलच्या सूचना वाचा, गाइड काय म्हणतात ते नंतर. जर्नलचं नाव शॉर्टमध्ये, 'एन इंग्ल जे मेड' असं, पबमेड या मेडिकल पेपर्सच्या ऑनलाइन सूचीत 'साइट' (Cite) बटणावर ते तयार मिळतं.

आणि सबमिट करायच्या आधी रेफरन्सेसमधला प्रत्येक पेपर पबमेडवर एकदा उघडा, रिट्रॅक्ट झालेला (जर्नलने मागे घेतलेला) असला तर वर तसं लिहिलेलं असतं.