सोलापुरातल्या टॉवेल कारखानदारांच्या संघटनेने सगळ्यांसाठी किमान विक्रीदर ठरवला, तर ते बेकायदा आहे का? आमच्यासारख्या छोट्यांवर खरंच कारवाई होते का?

हो, बेकायदा आहे. आणि तुम्ही लिहिलंय त्यात दराच्या ठरावापेक्षाही मला जास्त खटकलं ते पुढचं वाक्य: 'जो कमी दराने विकेल त्याला सूत मिळू द्यायचं नाही, असं ग्रुपवर ठरलंय.'

मी सोलापुरातच लघुउद्योगांची कंपनी सेक्रेटरीची कामं करतो, अक्कलकोट रोड एमआयडीसीतले बरेच कारखानदार माझे अशील आहेत. त्यामुळे ही वेळ का येते हे मला ठाऊक आहे. सूत महागतं, पण टॉवेलचा भाव इथल्या चाटी गल्लीच्या कापडबाजारातही कुणी वाढवून देत नाही आणि परराज्यातला व्यापारीही देत नाही. एकाने किलोमागे चार रुपये सोडले की बाकीच्यांनाही सोडावे लागतात. मग कुणीतरी म्हणतं, बसून एकदाचं ठरवूनच टाकू.

तिथेच स्पर्धा कायदा, 2002 चं कलम 3 लागू होतं. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्यांनी मिळून दर ठरवणं, उत्पादन किंवा पुरवठा आखडणं, गिऱ्हाईक वा इलाखे वाटून घेणं, टेंडर मॅनेज करणं, यातलं काहीही केलं की बाजाराचं नुकसान झालंच असं कायदा गृहीत धरतो. तसं झालं नाही हे तुम्ही सिद्ध करायचं. लेखी करार लागत नाही, तोंडी समजूतही पुरते. संघटनेचा ठराव तर कायद्यात स्पष्टच धरलेला आहे. 'आम्ही तोट्यात होतो' या सबबीवर सहसा सुटका होत नाही.

आता 'दिल्लीतला आयोग आमच्याकडे कशाला बघतो' याबद्दल. आयोग म्हणजे हा कायदा राबवणारा भारतीय स्पर्धा आयोग. पुणे महापालिकेच्या घनकचरा प्रक्रियेच्या निविदांचं प्रकरण बघा. ठरलेल्या माणसाला काम मिळावं म्हणून बाकीच्यांनी नावापुरती टेंडरं भरली होती. त्यातल्या काहींचा कचऱ्याच्या धंद्याशी संबंधही नव्हता, तरी 2018 मध्ये त्यांनाही दंड झाला. सोलापुरातून शाळांचे गणवेश जातात, सरकारी टेंडरंही भरली जातात, म्हणून हे मुद्दाम सांगतोय. दुसरं, औषध विक्रेत्यांच्या अखिल भारतीय संघटनेचं. संघटनेच्या ना-हरकत पत्राशिवाय कंपन्यांनी नवा स्टॉकिस्ट, म्हणजे घाऊक वितरक, नेमायचा नाही, या प्रथेवर आयोगाने 2013 मध्ये दंड लावला. तुमच्या ग्रुपवरचा 'सूत बंद' हा निरोप त्याच जातीचा आहे.

तक्रार कोण करणार, असंही तुम्ही विचारलंय. कुणीही. मारुतीने डीलरांना ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त सूट द्यायला मनाई केली होती. ते प्रकरण महाराष्ट्रातल्या डीलरांबद्दलच्या एका निनावी ई-मेलवरून सुरू झालं आणि 2021 मध्ये 200 कोटींच्या दंडापर्यंत गेलं. तुमच्या ग्रुपवर किती जण आहेत आणि त्यातले किती एकमेकांवर खूश आहेत, ते तुम्हीच मोजा.

दंडाचं गणित छोट्यांना जास्त झोंबतं. कार्टेल, म्हणजे स्पर्धकांनी संगनमताने केलेली अशी साखळी, असेल तर ते जितकी वर्षं चाललं, त्या प्रत्येक वर्षाच्या नफ्याच्या तिपटीपर्यंत किंवा उलाढालीच्या 10 टक्क्यांपर्यंत, यातलं जे जास्त असेल ते. टॉवेलमध्ये नफाच इतका पातळ की झळ बसते ती उलाढालीच्या आकड्याची. 2017 मध्ये सुप्रीम कोर्टाने फक्त संबंधित मालाचीच उलाढाल धरायची असं म्हटलं होतं. 2023 च्या दुरुस्तीने ही कमाल मर्यादा सगळ्या उलाढालीवर नेली, म्हणजे त्याच फर्ममध्ये पेट्रोल पंप असेल तर तोही त्यात आला. दंड ठरवताना सुरुवात अजूनही संबंधित मालापासूनच होते, पण छत फार वर गेलंय. अपिलात जायचं तर आता दंडाच्या 25 टक्के रक्कम आधी भरावी लागते. 2012 मध्ये सिमेंट कंपन्यांना 6 हजार कोटींहून जास्त दंड झाला, त्या कंपन्या वर्षानुवर्षं वकील पोसू शकतात. चाळीस मागांचा कारखाना तेवढा टिकत नाही. निर्णयात सामील पदाधिकाऱ्यांवर व्यक्तिशः वेगळा दंड होऊ शकतो. तुरुंग मात्र नाही, निदान कार्टेल केल्याबद्दल तरी नाही. आयोगाचे आदेशच धुडकावले तर गोष्ट वेगळी.

मग संघटनेने करायचं काय? बरंच काही. सूत आणि विजेच्या दराबद्दल सरकारकडे निवेदनं द्या, प्रदर्शनं भरवा, सोलापुरी टॉवेलच्या भौगोलिक मानांकनाचा उपयोग करा. निव्वळ निर्यातीसाठीच्या करारांना कलम 3 मध्ये सूट आहे, हे आपल्याकडे फारसं कुणी वापरत नाही. पण तोच दर देशातल्या मालाला लावला की सूट संपली.

माझ्या मते आपल्याकडचं खरं दुखणं दरापेक्षा उधारीचं आहे. माल सहा महिन्यांच्या उधारीवर गेला की पैशासाठी माणूस पुढचा माल पाडून विकतो. सूक्ष्म आणि लघू उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे, हा नियम 2006 च्या कायद्यातच आहे, आणि न दिलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षी आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. यासाठी संघटनेने शिबिर घ्यावं, थकबाकीचे अर्ज भरून द्यावेत. फक्त 'सगळ्यांनी 30 दिवसांचीच उधारी द्यायची' असा ठराव करू नका. उधारीची मुदत हाही दराचाच भाग धरला जातो.

तुमच्यापुरतं सांगायचं तर आज संघटनेला एक ई-मेल पाठवा: या ठरावाला माझी संमती नाही, माझा दर मी ठरवीन. नुसतं गप्प बसणं किंवा ग्रुप सोडणं पुरत नाही. बैठकीत विषय निघाला तर हरकत इतिवृत्तात नोंदवायला लावा आणि उठून या. ग्रुपवरचे मेसेज मात्र काही केल्या डिलीट करू नका. आणि त्या दराने तुम्ही आधीच बिलं फाडली असतील, तर या विषयातला वकील लगेच गाठा. आयोगाकडे आपणहून जाऊन सगळं सांगणाऱ्या पहिल्याला दंडात 100 टक्क्यांपर्यंत, दुसऱ्याला 50 आणि तिसऱ्याला 30 टक्क्यांपर्यंत सवलत मिळू शकते. तिथे दिवसाने नव्हे, तासानेही नंबर मागे जातो.