मुलाला समीकरण सोडवता येतं, पण शाब्दिक उदाहरण कोरं सोडतो. घरी अहिराणी बोलतो म्हणून का? कोणतं गाइड घेऊ?

ताई, अहिराणीचा यात काहीएक संबंध नाही. हे खापर शिक्षकांच्या खोलीतही फोडलं जातं आणि मी दर वेळी त्यावर भांडतो. घरी पुस्तकी मराठी बोलणारी मुलंही नेमकी त्याच जागी अडतात.

तुमचा मुलगा दहावीत, म्हणून वर्गसमीकरणाचंच उदाहरण घेतो. जळगावहून धुळ्याला जाणारी एसटी, अंतर ९० किमी धरा. वेग ताशी १५ किमीने वाढवला तर अर्धा तास कमी लागतो. नेहमीचा वेग काढा.

मुलं पहिली ओळ लिहितात: 'समजा, एसटी = क्ष.' गणित इथेच फसलं. एसटीचं काय क्ष? वेग, वेळ की अंतर? ओळ अशी हवी: 'समजा, एसटीचा नेहमीचा वेग ताशी क्ष किमी.' एकक लिहिलं की पुढचं हाताला लागतं. वाढलेला वेग क्ष + १५, जुना वेळ ९०/क्ष तास, नवा वेळ ९०/(क्ष + १५) तास.

मग अर्ध्या तासाचे ३० लिहितात. वेग ताशी आहे, तर वेळ तासातच हवा, म्हणजे १/२. पण सगळ्यात जास्त गुण जातात ते वजाबाकीच्या क्रमात. 'कमी' शब्द दिसला की नवा वेळ आधी लिहून त्यातून जुना वजा करतात. मग क्ष² + १५क्ष + २७०० = ० येतं, विवेचक (सूत्रात वर्गमुळाखाली येणारी संख्या) २२५ − १०८०० म्हणजे ऋण, उत्तरच निघत नाही, आणि मूल गुणाकार तपासत बसतं. गुणाकार बरोबरच असतो, मांडणी उलटी असते. जुना वेळ मोठा, म्हणून ९०/क्ष − ९०/(क्ष + १५) = १/२. यातून क्ष² + १५क्ष − २७०० = ०, म्हणजे (क्ष + ६०)(क्ष − ४५) = ०. वेग ऋण नसतो म्हणून क्ष = ४५; हे कारण लिहायचंच. पडताळा: ताशी ४५ ने दोन तास, ६० ने दीड तास.

कोणता वेळ मोठा, हे पेन उचलण्याआधी त्याला तोंडी सांगायला लावा, आणि खुशाल अहिराणीत. 'गाडी जोरमा गई ते येळ कमी लागस' एवढं जो म्हणतो त्याचा क्रम चुकत नाही. अडसर म्हणतात ती भाषा इथे कामाला येते.

'एकूण आलं की बेरीज, जास्त आलं की बेरीज' हे क्लासमधले ठोकताळे मात्र आधी विसरायला लावा. रावेरहून केळीच्या दोन गाड्या निघाल्या, पहिलीत ६० क्विंटल, ती दुसरीपेक्षा १५ ने जास्त. दुसरीत किती? ठोकताळेवाला ७५ लिहितो. उत्तर ४५.

आणि खान्देशाला शाब्दिक गणित परकं कधी होतं? भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला तो चाळीसगावजवळच्या पाटण्यालाच, १२०७ चा शिलालेख आहे. ११५० च्या 'लीलावती'तलं भुंग्यांचं उदाहरण मुलाला द्या: थव्याच्या निम्म्याचं वर्गमूळ एवढे भुंगे मालतीवर गेले, थव्याचे ८/९ ही गेले, दोन उरले, थवा किती? थव्यालाच क्ष मानलं तर समीकरणात वर्गमूळ अडकून बसतं. थवा २क्ष² माना, निम्म्याचं वर्गमूळ सरळ क्ष होतं. क्ष + १६क्ष²/९ + २ = २क्ष², म्हणजे २क्ष² − ९क्ष − १८ = ०, क्ष = ६, थवा ७२. जे विचारलंय त्यालाच क्ष मानायचं, असा कुठलाही नियम नाही.

गाइड नको. त्यात क्ष आधीच मानून दिलेला असतो, आणि मुलाला शिकायचंय नेमकं तेच. पाठ्यपुस्तकातल्या सरावसंचांमधली रोज चार-पाच उदाहरणं फक्त मांडून घ्या, 'समजा'ची ओळ आणि समीकरण, सोडवायचं नाही. सोडवणं त्याला येतंच. परीक्षेतही बरोबर मांडणीला गुण असतात, त्यामुळे कोरं सोडणं हा निव्वळ तोटा.

एक राहिलं. ९०/क्ष सारख्या पदांचा छेद काढतानाच तो अडखळत असेल तर आधी अपूर्णांक पक्के करा, नाहीतर मांडणी जमूनही उत्तर येणार नाही. आणि बोलणं अहिराणीत चालेल, पण वहीतली 'समजा'ची ओळ पुस्तकी मराठीतच लिहायची, कारण पेपर तपासणारा खान्देशातलाच असेल असं नाही.